नंबर लागला होता...

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाने नवी स्कूटर घेतली. पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, जय भीम! खाली चला, गाडी बघा." आम्ही सदऱ्याची बटणे लावीत जिना उतरलो. पाहतो तो पुढच्या पत्र्यावर नाव होते, 'चेतक'. आम्ही त्या अक्षरांवरून हात फिरवला. भाच्याला वाटले, मामा रंग बघताहेत. त्याला काय ठाऊक, मामा 1984 साल बघत होते!

ही चेतक विजेवर चालते. किक नाही, गिअर नाही, आवाजही नाही. आमच्या मनातली चेतक निराळी होती. तिला सकाळी एका अंगावर कलती करावी लागे, मग दोन-चार किका, मग धुराचा एक लोट, आणि मगच ती "चला" म्हणे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. मागे स्टेपनी, मध्ये नवरा-बायको, पुढे उभे राहिलेले एक पोर आणि हँडलजवळच्या हुकाला भाजीची पिशवी. एवढे सगळे घेऊन ती चाले. ती आमच्या दारी कधी आली नाही. का आली नाही, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर आम्ही पेन्शनर मंडळी बसतो. तिथे भाच्याच्या गाडीचा विषय काढला, आणि एकेकाच्या मनातली न घेतलेली गाडी बाहेर येऊ लागली. एकाची येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असणारी. मित्र स्वस्तात देत होता, आईने "मोटारसायकल नको, हातपाय मोडशील" म्हणून शपथ घातली. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. दुसऱ्याची यामाहा आर. एक्स. 100. ती 1985 मध्ये आली आणि तीही 1996 मध्येच बंद झाली. "तेव्हा घेऊन ठेवली असती तर आज लोक दुप्पट-तिप्पट देतात," असे ते गृहस्थ दर रविवारी सांगतात. तिसऱ्याचे स्वप्न लहान होते. त्याला फक्त लुना हवी होती. पुण्याच्या कंपनीची, 1972 पासून निघालेली, पायडल मारून सुरू होणारी. पण साहेब स्कूटरवर येतात आणि आपण लुनावर गेलो तर लोक हसतील, म्हणून तीही घेतली नाही. आता लुनाही 2024 पासून विजेवर चालू लागली आहे. गाड्या पुन्हा जन्माला येत आहेत, आमचे गुडघे मात्र येत नाहीत.

तरुण वाचकांना ही सारी गंमत वाटेल. आज दुकानात जावे, कागदावर चार सह्या कराव्यात आणि संध्याकाळी गाडी घेऊन घरी यावे. तेव्हा तसे नव्हते. कोणत्या कारखान्याने किती स्कूटरी काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. बजाज कंपनी 1960 च्या सुमारास इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवू लागली. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून चेतक निघू लागली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव. मागणी अफाट आणि गाड्या मोजक्या. तेव्हा आधी अनामत भरून नाव नोंदवायचे, पावती जपून ठेवायची आणि नंबर लागायची वाट बघायची. ही वाट आठ-आठ, दहा-दहा वर्षांची असे. मुलगी जन्मली की तिच्या लग्नासाठी स्कूटरचा नंबर लावून ठेवणारे महाभाग होते! कारण जावयाला घड्याळ, अंगठी आणि स्कूटर हे तिन्ही लागत. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण स्कूटर म्हणे हुंडा नव्हे, 'प्रेमाची भेट'. ज्याचा नंबर आधी लागे तो गाडी शोरूमच्या दारातच 'ऑन' घेऊन दुसऱ्याला विकी.

असो. आमच्या घरचा नंबर आमच्या वडिलांनी लावला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा रेल्वेत ट्रॉलीमन होते. हे काम आता फारसे कुणाला माहीत नाही. रुळांची तपासणी करणारे साहेब चार चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर बसत आणि ट्रॉलीमन रुळावर पाय टाकीत, पळत ती मागून ढकलीत. वेग आला की उडी मारून मागे टेकायचे, वेग कमी झाला की पुन्हा उतरून पळायचे. अण्णांनी सारी नोकरी पुणे-मिरज मार्गावर असे पळत काढली. ते म्हणत, "आयुष्यभर दुसऱ्याची गाडी ढकलली रे. एकदा आपल्या गाडीवर बसायचं."

त्याच मार्गावर मसूर स्टेशन आहे. 1901 मध्ये लहानगे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले तेव्हा याच स्टेशनवर उतरले होते. त्यांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनी स्वतः हाकायचे आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, अशा अटीवर बैलगाडी मिळाली. पुढे 1929 मध्ये, बाबासाहेब बॅरिस्टर झालेले असताना, चाळीसगावला टांगेवाल्यांनी तेच केले. आपल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला सराईत माणूस नाही. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. आपल्या माणसाला वाहन ही कधी नुसती सोय नव्हती. कोण बसणार, कोण हाकणार आणि कोण चालणार, हे गाव ठरवीत असे.

अण्णांना मसूरची गोष्ट तोंडपाठ होती. स्वतःच्या लहानपणी गावच्या चावडीवरून जाताना पायातले काढून हातात घ्यावे लागे, हेही ते सांगत. म्हणून त्यांची इच्छा साधी आणि नेमकी होती. थोरल्या मुलाने, म्हणजे आम्ही, स्कूटर चालवायची. त्यांनी पांढरे धोतर नेसून मागे बसायचे आणि फाट्यापासून चावडीवरून घरापर्यंत जायचे. बस्स, एकदाच. त्यासाठी 1976 मध्ये त्यांनी फंडातून पैसे काढून अनामत भरली. पावती कपाटात, बाबासाहेबांच्या फोटोमागे.

आठ वर्षांनी, 1984 च्या पावसाळ्यात पत्र आले. नंबर लागला! आम्ही तोवर कचेरीत कारकून झालो होतो आणि पोस्टात महिन्याच्या महिन्याला पैसे टाकून स्कूटरची रक्कम जवळजवळ उभी केली होती. त्याच पंधरवड्यात दुसरेही पत्र आले. आमच्या बहिणीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. आमच्या वस्तीतली पहिली मुलगी! शिष्यवृत्ती होती, पण ती हातात पडायची वर्ष संपता संपता. तोवर वसतिगृहाच्या खाणावळीचे बिल, जाडजूड पुस्तके, अभ्यासाला हाडांचा संच, पांढरे कोट, हे कुणी भरायचे?

घरात चर्चा झालीच नाही. अण्णा म्हणाले, "पोरीचं नाव आधी." एका दलालाने येऊन सांगितले, नंबर मला द्या, 'ऑन' देतो. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. म्हणाले, "रांगेतला पुढचा माणूस आठ वर्षं उभा आहे. त्याची जागा विकणारा मी कोण?" आम्ही नंबर रद्द केला, अनामत परत घेतली आणि सारी रक्कम बहिणीच्या शिक्षणाला लावली. अण्णा 1988 मध्ये गेले. बहीण डॉक्टर झाली ती त्यानंतर. त्यांनी ना मुलाची स्कूटर पाहिली, ना मुलीची पाटी.

पुढे रांगा ओसरल्या, नंबर लावायची गरज उरली नाही. दूरदर्शनवर 1989 पासून 'हमारा बजाज' वाजू लागले. पैसेही होते. पण आता मागे कुणाला बसवायचे, असे म्हणून आम्ही गाडी घेतली नाही. खरे सांगायचे तर आम्ही ती चालवायलाही शिकलो नाही. पुढे जुन्या चेतकचे उत्पादन थांबले, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी आम्ही कापून ठेवली.

येथवर वाचून वाचक म्हणतील, केवढा त्याग! आम्हीही इतकी वर्षे तेच म्हणत आलो. लग्नकार्यात, पाहुण्यांत, पोरांच्या अभ्यासाच्या वेळी एकच कथा: "तुमच्या आत्याच्या शिक्षणासाठी आम्ही स्कूटर सोडली." बहीण समोर असली तर ती नुसती मान खाली घाली. आम्हाला वाटे, उपकाराची जाणीव आहे.

परवा पेढे खाताना आम्ही पुन्हा तीच कथा लावली. भाचा ऐकत होता. या खेपेला बहिणीने मान वर केली. म्हणाली, "दादा, एक विचारू? रागावू नकोस. अण्णांना एकदा चावडीवरून न्यायचं होतं, एवढंच ना? 1984 पासून ते जाईपर्यंत चार वर्षं होती. आपल्या शेजारच्या घरी स्कूटर होती. तुझ्या कचेरीत चौघांकडे होती. एका रविवारी कुणाची तरी मागून आणली असतीस. चालवायला येत नव्हती तर मित्राला बरोबर न्यायचं होतंस. ते तू केलं नाहीस. आणि चाळीस वर्षं माझ्या फीवर त्याचं खापर फोडतोस."

आम्ही गप्प झालो. पेढा हातातच राहिला. कारण ती बोलली ते खरे होते. मागून आणलेल्या गाडीवर गावात जायला आम्हाला लाज वाटत होती. लोक विचारतील, "कुणाची रे?" तर काय सांगायचे! अण्णांना गाडीवर बसायचे होते. गाडी *आपल्या मालकीची* हवी, हा हट्ट मात्र हळूहळू आमचा होऊन बसला होता. मालकी नाही म्हणून आम्ही बसणेही सोडून दिले. आणि दोष कुणाच्या माथी मारला, तर शिकणाऱ्या पोरीच्या.

बहीण पुढे म्हणाली, "मी नोकरीत गावोगावच्या दवाखान्यांत फिरले. प्रत्येक वेळी जीपमध्ये बसताना मला वाटायचं, ही अण्णांची जागा आहे, मी ती घेतली. तू ती कथा सांगितली नसतीस तर मी जरा हलकी बसले असते." एवढे बोलून तिने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून गेली. आम्ही मागोमाग गेलो आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला "चुकलो बाई" म्हणालो.

वाचकहो, हुकलेल्या गाडीची खंत कुणाला नाही? कट्ट्यावरच्या त्या येझदीवाल्याला, आर. एक्स. वाल्याला आहेच. ती खंत गोड असते, सांगायला मजा येते. पण आपल्या घरांत ती नुसती खंत राहत नाही. पहिल्या शिकलेल्या पिढीच्या मागे प्रत्येक घरात काहीतरी सोडलेले असते. कुठे सायकल, कुठे घराचा पत्रा, कुठे आईची पाटली. सोडले ते योग्यच केले, पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा सोडावे. पण ज्याच्यासाठी सोडले त्याला त्याचे बिल वर्षानुवर्षे दाखवू नये. दान दिले म्हणायचे आणि वसुली मात्र चालू ठेवायची, याला दान म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट तरुणांना. झेपत नसताना हप्त्यावर दीड-दोन लाखांची मोटारसायकल आणू नका, हे आम्ही सांगितले तरी तुम्ही ऐकणार नाही. मग निदान एवढे ऐका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, "तुम्हाला कुठे जायचं होतं?" पुष्कळदा ते ठिकाण फार दूर नसते. गाडी मागून आणा, भाड्याने आणा, पण वेळेवर न्या. गाड्या नव्या नावाने परत येतात, मागे बसणारे येत नाहीत.

आता पुढच्या महिन्याचा बेत ठरला आहे. भाच्याच्या गाडीवर गावाला जायचे म्हणालो तर तो हसला. गाव दीडशे किलोमीटरवर, एका चार्जिंगमध्ये पोचण्याची खात्री नाही. तेव्हा फाट्यापर्यंत एस. टी. तिथून पुढे चुलतभावाची स्कूटर. होय, मागून आणलेलीच. चालवणार बहीण, तिला येते. हेल्मेट घालून मागे आम्ही बसणार. चावडीपाशी जरा हळू घे, एवढे तिला आताच सांगून ठेवले आहे.