बॅण्ड निघाला परगावी

मैत्रिणींनो, "आमची भाची अमेरिकेत कॉलेजच्या बॅण्डमध्ये आहे" असं कुणी सांगितलं, की घरातल्या मोठ्या बायकांच्या डोळ्यांपुढे आधी वरात उभी राहते. लाल कोट, पितळी बटणं आणि घोड्यापुढे नाचणारे नवरदेवाचे मित्र! "मुलीच्या जातीनं हे काय?" असाही एखादा सूर निघतो. तेव्हा पहिल्यांदा तो गैरसमज काढून टाकू या. तिकडचा कॉलेजचा बॅण्ड म्हणजे कवायत करीत वाजवणारं पथक. आपल्या शाळेचं लेझीम पथक किंवा गणपतीतलं ढोल-ताशा पथक त्याला पुष्कळ जवळचं. त्यांचा फुटबॉलही आपला नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचं, असा तो खेळ. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि त्यातली जेमतेम काही मिनिटं बॅण्डच्या वाट्याला येतात. त्यासाठी आठवडाभर तालीम!

सामना दुसऱ्या गावी असला की मात्र खरी धांदल उडते. सगळा बॅण्ड न्यायचा तर खर्च भारी, म्हणून पुष्कळदा पंधरा-वीस-तीस जणांचीच तुकडी जाते. पण सामना मानाचा असेल तर दोन-तीनशे मुलं निघतात. बसगाड्यांची रांग लागते आणि वाद्यांसाठी वेगळा ट्रक. सोसाफोन नावाचं एक वाद्य अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं असतं; दहा किलोच्या वर वजन, ते काही मांडीवर घेऊन बसता येत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचं बघा. गणवेश! जाड कापडाचा कोट, पट्ट्यांची विजार, उंच टोपी, तिच्यावर पिसांचा तुरा आणि पांढरे हातमोजे. हा गणवेश बहुधा कॉलेजच्या मालकीचा आणि घरी धुण्याचा नव्हे. म्हणून प्रवासात तो पिशवीत टांगलेलाच ठेवायचा, आणि खाणंपिणं उरकायचं ते साध्या बनियनवर. तुरा अगदी शेवटी खोवायचा. पांढरे मोजे मात्र ज्याचे त्यानं धुवायचे. आणि हो, कुणाच्या घरी असं पितळी वाद्य आलंच, तर त्याला चिंच किंवा भांड्यांची पावडर लावू नका बरं! बहुतेकांवर पारदर्शक लेप असतो, तो निघाला की डाग पडलेच म्हणून समजा. मऊ फडक्यानं पुसायचं, एवढंच.

परगावी जाणारा बॅण्ड म्हणजे पाहुणा. त्याला बसायला एक कोपरा मिळतो, वाजवायला यजमान देतील तेवढी वेळ, आणि भोवती हजारो लोक दुसऱ्याच्या बाजूचे. त्यातही रीतभात सांभाळणारे असतात. ओहायो आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचं वैर तिकडे प्रसिद्ध आहे. कोलंबस आणि ॲन आर्बर ही त्यांची गावं तीनशे किलोमीटरच्या अंतरावर. म्हणजे पुणे-सोलापूरहून थोडी दूर. १९३२ साली मिशिगनचा बॅण्ड कोलंबसला पाहुणा म्हणून गेला आणि मैदानावर उभं राहून त्यानं यजमानांचंच नाव, "ओहायो", लिहून दाखवलं. पुढे १९३६ पासून ओहायोचा बॅण्ड स्वतःच चालता चालता वळणदार अक्षरांत ते नाव लिहू लागला. आज इंग्रजी "आय"वरचा टिंब द्यायचा मान सोसाफोनवाल्याला मिळतो, आणि त्यासाठी मुलं वर्षानुवर्षं वाट पाहतात.

त्या मानात मुलींना जागा नव्हती, हेही सांगायला हवं. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. त्याच वर्षी मिशिगनच्या आणि पुढच्या वर्षी ओहायोच्या मैदानावरच्या बॅण्डचं दार मुलींना उघडलं. त्याआधी "मुलींना हे ओझं पेलणार नाही" वगैरे कारणं होतीच. पाण्याचे हंडे डोक्यावर घेणाऱ्या आपल्या आयाबायांनी हे ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या!

पण मैत्रिणींनो, मला खरं बोलायचंय ते बसबद्दल. मैदानावर एक पाऊल इकडचं तिकडे होत नाही, म्हणून बसमध्येही सगळं शिस्तीचं असेल असं आपण धरून चालतो. फ्लोरिडातल्या ए अँड एम विद्यापीठाचा बॅण्ड केवढा नावाजलेला! १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये वाजवून आलेला. १९ नोव्हेंबर २०११ ला तो ऑरलँडोला सामन्यासाठी गेला. सामना संपला, कार्यक्रम झाला आणि रात्री हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये रॉबर्ट चॅम्पियन हा सव्वीस वर्षांचा मुलगा मारहाणीनं मरण पावला. मारणारे परके नव्हते, बॅण्डमधलेच. बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार खात जायचं, अशी तिथली "परंपरा"! आणि हा मुलगा काही नवखा नव्हता, पथकापुढे चालणाऱ्या नायकांपैकी एक होता. खटले झाले, शिक्षा झाल्या, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पद सोडलं. बॅण्ड जवळजवळ दोन वर्षं बंद राहिला. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये परत वाजला तो ऑरलँडोलाच. पण तोवर पूर्ण वेळ शिकणाऱ्यांनाच प्रवेश आणि नियम पाळले जातात का हे बघायला वेगळा अधिकारी, अशी व्यवस्था झाली होती. आधीच्या यादीत बॅण्डच्या वर्गात नाव नसलेलेही कितीतरी जण निघाले होते.

"हे तिकडचं" म्हणून पान उलटू नका. आपली मुलंही युवक महोत्सवाला जातात, एन.सी.सी.च्या शिबिराला जातात, सहलीला जातात. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि तो संस्थेच्या बाहेरही लागू आहे. म्हणजे बस आणि मुक्कामाची जागासुद्धा आली. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीसाठी देशभरचा मोफत फोन आहे : १८००-१८०-५५२२. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

आपण निघताना काय विचारतो? स्वेटर घेतलास का, डबा घेतलास का, पोचल्यावर फोन कर. पोचेपर्यंत सगळे शिक्षकांच्या डोळ्यांसमोरच असतात हो! विचारायचं ते कार्यक्रमानंतरचं. प्रत्येक बसमध्ये जबाबदार मोठं माणूस आहे का, की सगळे सर पुढच्याच गाडीत? मुक्कामी पोचल्यावर बसला कुलूप कोण लावतं? किल्ली कुणाकडे असते? हे सरांना विचारताना मुलांना लाज वाटते, "आई, तू काहीतरीच!" म्हणतात. म्हणू द्या.

आणि परत आल्यावर "कार्यक्रम कसा झाला?" एवढ्यावर थांबू नका. दमून आलेलं मूल "छान" म्हणतं आणि झोपायला जातं. दुसऱ्या दिवशी मोजे भिजत घालताना सहज विचारावं, "येताना कुणाशेजारी बसली होतीस गं?"