छंदवाटा : इजिप्तची रोमन नाणी वाचताना

नाणी जमवणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात घरातल्या डब्यातून होते. आजोबांचा एखादा रुपया, भोकाचा पैसा, परदेशातून आलेली सुटी नाणी. पुढे कधीतरी रोमन नाण्यांचा मोह पडतो आणि नवखा माणूस तिथेच अडतो. नाण्यावर सम्राट तर रोमचा आहे, पण अक्षरे लॅटिन नाहीत! अशा वेळी ते नाणे बहुधा एखाद्या दूरच्या प्रांतातले असते. आज अशाच एका प्रांताची ओळख करून घेऊ : इजिप्त, आणि तिथली अलेक्झांड्रियाची टांकसाळ.

इजिप्त रोमच्या ताब्यात गेला तरी त्याचे चलन वेगळेच राहिले. बाहेरचे नाणे आत चालत नसे, आतले बाहेर जात नसे. तिथले मुख्य नाणे म्हणजे टेट्राड्राक्म, चार द्राख्मांचे. चांदी थोडी आणि तांबे जास्त अशा मिश्रधातूचे. पहिल्या-दुसऱ्या शतकात त्याचे वजन साधारण १२-१३ ग्रॅम भरते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ते ७-८ ग्रॅमवर येते आणि चांदी नावापुरतीच उरते. म्हणून ओळख पटवताना पहिले साधन भिंग नव्हे, तर छोटा वजनकाटा.

दुसरी पायरी मागच्या बाजूची. तिथे गरुड, नाईल नदीचा देव, सेरापिस, इसिस, कधी अलेक्झांड्रियाचे प्रसिद्ध दीपगृह दिसते. चित्राशेजारी इंग्रजी 'एल'सारखी एक खूण शोधा. ती अक्षर नाही. तिचा अर्थ 'वर्ष'. तिच्यापुढची ग्रीक अक्षरे म्हणजे आकडा : अल्फा १, बीटा २, गॅमा ३, आयोटा १०. आयोटा आणि एप्सिलॉन एकत्र आले की १५. नववे वर्ष मात्र पुष्कळदा अक्षरी लिहिलेले सापडते. नऊसाठीचे थीटा हे ग्रीक भाषेतल्या 'मृत्यू' या शब्दाचे आद्याक्षर, म्हणून ते टाळत असावेत असे मानतात.

हे वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाचकांना ही पद्धत परकी वाटायला नको. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या जुन्या रुपयांवरही मोगल बादशहाचे नाव आणि त्याचे राज्यवर्ष असते. इजिप्तमध्ये एक मेख आहे. तिथले नवे वर्ष २९ ऑगस्टला (काही वर्षी ३० ला) सुरू होई. सम्राट गादीवर आला की लगेच पहिले वर्ष, आणि नववर्षदिन उजाडला की दुसरे. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ रोजी सम्राट झाला. त्याचे पहिले वर्ष अवघे अठरा दिवसांचे! म्हणून त्याच्या नवव्या वर्षाचे नाणे १२६ सालचे नव्हे, तर ऑगस्ट १२४ ते ऑगस्ट १२५ मधले. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू बारा महिन्यांच्या चौकटीत बसवता येते, हीच या नाण्यांची खरी गोडी.

कधी ही अक्षरे राजकारणही सांगतात. इ.स. २७० च्या सुमारास पाल्मिराच्या झेनोबिया राणीच्या फौजांनी इजिप्त घेतला. तेव्हाच्या नाण्यांवर एका बाजूला सम्राट ऑरेलियन, वर्ष १. दुसऱ्या बाजूला राणीचा मुलगा वाबालाथस, वर्ष ४. म्हणजे मान रोमचा राखला, पण 'आमचे राज्य आधीचे' हेही बजावले. पुढे २७२ मध्ये ऑरेलियनचे नाव गळाले, मायलेकांची स्वतंत्र नाणी निघाली, आणि त्याच वर्षी रोमने इजिप्त परत मिळवला.

आता व्यवहाराचे. नीरोच्या काळातली टेट्राड्राक्म मुबलक आहेत, त्यामुळे शिकायला ती बरी. पण नकलाही तितक्याच. कडेला शिवणीसारखी रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, वजनात मोठी तफावत दिसली तर हात आखडता घ्या. 'हे सोपाऱ्याच्या शेतात निघाले' अशी गोष्ट कोणी सांगितली तर आणखी सावध व्हा. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांशी इजिप्तमार्गे व्यापार होता हे खरे. पण भारतात सापडणारी रोमन नाणी मुख्यतः चांदीची डिनारियस आणि सोन्याची ऑरियस. इजिप्तचे घरगुती चलन इकडे येण्याचे कारणच नव्हते.

गोष्ट खरी असली तर प्रश्न अधिक गंभीर. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हा १९७२ चा कायदा. इजिप्तनेही १९८३ पासून पुरावस्तूंचा व्यापार बंद केला आहे. ढिगाऱ्यातून उचललेले नाणे हाती राहते, पण ते कुठे, कशासोबत, किती खोल होते हे कायमचे पुसले जाते. म्हणून जुन्या संग्रहातली कागदपत्रे असलेलेच नाणे घ्या. थोडे महाग पडले तरी चालेल.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा : चिंच, लिंबू, राख नको! पितळेच्या समईला जे शोभते ते नाण्याला मारक ठरते. प्रत्येक नाण्याची चिठ्ठी करा : वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, कुठून व केव्हा घेतले. मग 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' या मोफत ऑनलाइन सूचीत सम्राट आणि वर्ष घालून जोडी शोधा. नाणे विकत न घेताही तिथल्या छायाचित्रांवर सराव करता येतो.

या वेळचे कोडे : अँटोनायनस पायस १० जुलै १३८ रोजी सम्राट झाला. त्याच्या आठव्या वर्षी अलेक्झांड्रियाने राशिचक्राची सुंदर नाणी काढली. ती कोणत्या सालची? घरात सगळे मिळून हिशेब करा. उत्तर पुढच्या अंकात.