पंपाचा पाना कोणाच्या हातात?

किहीम, नागाव, चौल, रेवदंडा... अष्टागरात नारळ-सुपारीच्या वाडीत विहीर असतेच, आणि पाणीही फार खोल नसते. पूर्वी वाडी शिंपायला रहाट होता, घरच्या पाण्याला दोरी-पोहरा. ते कष्ट मोठे होते. विजेचा पंप आला आणि बाईच्या खांद्यावरचा भार हलका झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोहऱ्याची दोरी तुटली तर तीच गाठ मारून पुढे जायची. पंपाचे तसे राहिले नाही. बटण ती दाबते, पण पंप उघडायचा, तो कुठला घ्यायचा, मिस्त्रीला कधी बोलवायचे, हे सारे पुरुषांकडे. घरचा पुरुष मुंबईला किंवा बोटीवर असला तर तो येईपर्यंत थांबायचे, आणि तोवर हंडा पुन्हा तिच्याच कमरेवर.

म्हणून मला वाटते, पंपदुरुस्ती हा आपल्या चळवळीचा विषय आहे. 'ते तांत्रिक आहे, बायकांना जमत नाही' या एका वाक्याने पाण्याचे साधन आपल्या हातून गेले आहे.

यात न जमण्यासारखे काय आहे ते पाहू. उथळ विहिरीच्या काठावरचा पंप नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब फार तर दहा मीटर पाणी उचलू शकतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटर, म्हणजे साधारण पंचवीस फूट. मे महिन्यात पातळी त्याखाली गेली की चांगला पंपही पाणी देत नाही. मग पंप खाली बसवावा लागतो.

मोटार फिरते पण पाणी येत नाही, ही नेहमीची तक्रार. पंप कोरडा चालू ठेवू नये. मेन स्विच बंद करून आधी विहिरीत पाहावे, नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला आहे ना? मग वरचे बूच काढून पंप पाण्याने भरावा. पंपात हवा राहिली तर तो पाणी घेत नाही. भरलेले पाणी उतरत राहिले तर बहुधा फूटव्हॉल्व्ह गळतो आहे. अनेकदा त्यात पान किंवा खडा अडकलेला असतो. नळी वर घ्यायला दोघी-तिघी लागतात, एवढेच. पाणी टिकते, पण पंप चालू करताच धार तुटते, तर एखाद्या सांध्यातून किंवा ग्लँडमधून हवा शिरते आहे. सांधा आवळावा, ग्लँडदोरी बदलावी.

मोटार नुसती घुमते, फिरत नाही, तर ताबडतोब बंद करावी. व्होल्टेज कमी असेल, खाऱ्या हवेने आतले चाक गंजून अडकले असेल किंवा कंडेन्सर गेला असेल. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर झटका देऊ शकतो. ते काम शिकलेल्या व्यक्तीनेच करावे. अर्थिंग मात्र प्रत्येकीने तपासून घ्यावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. ज्यांनी दोरी-पोहरा अडगळीत टाकला होता त्यांच्यासमोर भरलेली विहीर असून पाणी नव्हते. पंप आला तरी दोरी ठेवावी. आणि अशा वेळी कोणी इंजिन आणले तर ते विहिरीत उतरवू देऊ नये. त्याच्या धुरातला विषारी वायू माणूस मारतो.

काही मैत्रिणी विचारतील, आणखी एक काम बाईच्या गळ्यात कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बिघाडाचे ओझे आजही तिच्याच गळ्यात आहे, नाही तो फक्त अधिकार. म्हणून ज्ञानाबरोबर मागणीही हवी: सातबाऱ्यावर आणि वीजमीटरवर तिचे नाव, आणि दुसऱ्याच्या पंपाची दुरुस्ती केली तर पूर्ण मजुरी. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून गरीब, बहुतांश दलित, निरक्षर स्त्रिया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने पाणी तपासण्यासाठी गावातल्या पाच स्त्रियांना शिकवायचे ठरवले. चांगलेच आहे. पण तपासणी बायकांकडे आणि पंप पुरुषांकडे, ही वाटणी का?

आणखी एक बिघाड पान्याने सुटत नाही. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शेजारच्या बंगल्याने किंवा रिसॉर्टने दिवसरात्र मोठा पंप चालवला तर आपल्याही विहिरीला मचूळ पाणी लागते. कोणी किती उपसायचे, हे ग्रामसभेत विचारावे लागेल. पंप कसा चालतो हे माहीत असलेली बाई तिथे गप्प बसत नाही.

तेव्हा प्रत्येक गटाने उन्हाळ्याआधी एक दिवस एखादीच्या विहिरीवर जमावे. माहितगार वायरमनला बोलवावे, पण पाना प्रत्येकीने हातात घ्यावा. बचतीतून दोन पाने, पक्कड, टेस्टर, ग्लँडदोरी, वॉशर आणि एक जादा फूटव्हॉल्व्ह घेऊन पेटी गटाकडेच ठेवावी. पुढचा पंप बिघडेल तेव्हा ती उघडायची.