उरलेली पट्टी

गौलीगुड्यात पावसाळा लागला आणि आमच्या सहा वर्षांच्या लेकीला सर्दी-खोकल्यासह ताप आला. मी घाईने मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी काढली, तर आईने हात धरला. "अरे, ते जिवाणूंवरचं औषध. व्हायरल तापाला काय करणार?"

मग डॉक्टरांना फोनवर विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, मुगाचं ऊन ऊन कढण, आराम आणि रात्री चमचाभर मध दिला. (वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका.) वाफेचं पातेलं मात्र लांबच ठेवलं; उकळतं पाणी सांडून मुलं भाजतात.

पाचव्या दिवशी लेक गल्लीत खेळायला पळाली. खोकला आठवडाभर रेंगाळला, तो रेंगाळतोच. पण धाप लागली, मूल पाणी पिईना किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर घरगुती उपाय पुरे. लगेच दवाखाना गाठा.