रविवारची उशिरांची न्याहारी

गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या मुलामुलींस मीं एक साधा निबंधविषय दिला होता : "आमच्या घरची रविवारची सकाळ." विषय सोपा, म्हणून वह्या लवकर परत आल्या, आणि एरवीं "पावसाळ्यांतील एक दिवस" ह्या विषयावर सहा ओळींपुढें ज्यांची लेखणी सरकत नाहीं, अशा विद्यार्थ्यांनींहि चार-चार पानें भरलीं होतीं. कारण उघड होतें. सर्वांनीं खाण्याविषयींच लिहिलें होतें. कोणाच्या घरीं थालीपिठें व लोण्याचा गोळा, कोणाच्या घरीं घावन व नारळाच्या दुधाचा गोड रस, कोणाकडे अंडीं व तव्यावर भाजलेला पाव, कोणाकडे साबुदाण्याची खिचडी. आणि शेवटीं कांहींतरी गोड, मग तो शिरा असो, शेवयांची खीर असो, कीं गुळांतली लापशी असो. वह्या तपासतां तपासतां मला स्वतःलाच भूक लागली, हें कबूल करावयास हरकत नाहीं. परंतु सर्व वह्या वाचून झाल्यावर एक गोष्ट मनांत सलूं लागली. जवळजवळ प्रत्येक वहींत आई होती. ती पीठ मळीत होती, तव्यापाशीं उभी होती, "आणखी एक घे" असें म्हणत होती. ती बसून खात आहे असें वाक्य मात्र मला क्वचितच आढळलें.

कित्येक पालकांचें माझ्यापाशीं असें गाऱ्हाणें असतें कीं, रविवारीं मुलें दहापर्यंत लोळतात, अकराला भरपेट खातात, त्यामुळें दुपारचें जेवण टळतें व अभ्यास बुडतो. तेव्हां ही चाल मोडावी. मला तें पटत नाहीं. आठवड्याचे सहा दिवस घरांतील प्रत्येकजण निरनिराळ्या वेळीं, उभ्याउभ्या, घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे पाहत कांहींतरी गिळून बाहेर पडतो. सातव्या दिवशीं एकदां तरी सर्वांनीं एकत्र बसून सावकाश खाल्लें, तर त्यांत आळस कसला? इंग्रजींत ह्या अवेळच्या खाण्यास 'ब्रंच' म्हणतात. ब्रेकफास्ट आणि लंच ह्या दोन शब्दांची मोडतोड करून ही जोडणी केलेली आहे. १८९५ सालीं गाय बेरिंजर ह्या लेखकानें 'हंटर्स वीकली' नांवाच्या नियतकालिकांत ह्या जेवणाची तरफदारी केली. रविवारीं उपासनेहून परतल्यावर लगेच जड मांसान्नावर बसण्याऐवजीं चहाकॉफीपासून आरंभ करावा व गप्पा मारीत मारीत जेवणाकडे वळावें, असें त्याचें थोडक्यांत म्हणणें होतें. शनिवारीं रात्रीं उशिरापर्यंत चैन करणाऱ्यांची सोय हाहि त्याच्या लेखांतील एक मुद्दा होता. परंतु शाळेच्या वार्षिकांत तो आपण सोडून देऊं.

शब्द विलायती असला, तरी अशा खाण्याला लागणारी सामग्री आपल्या घरांत भरपूर आहे. थालीपीठच घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने व जिरें हीं वेगवेगळीं भाजून दळलेलें पीठ म्हणजे भाजणी. वेगवेगळीं भाजावयाचीं कारण प्रत्येकाला लागणारी आंच निराळी. एकत्र भाजलीं तर धने करपतील व डाळ कच्ची राहील. भाजतांना जो खमंग वास सुटतो, तो धान्यांतील शर्करा व प्रथिनांचे घटक उष्णतेनें एकमेकांशीं संयोग पावल्यामुळें. लुई कामीय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं ह्या क्रियेचें वर्णन केलें, व ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. आमच्या आजीनें मायारचें नांव ऐकलें नव्हतें. पण भाजणी केव्हां उतरावी हें ती शेजारच्या खोलींतून केवळ वासावरून सांगत असे. मग तें पीठ कांदा, तिखट, कोथिंबीर घालून भिजवावें, ओल्या फडक्यावर थापावें, मधोमध व भोंवतीं भोंकें पाडून त्यांत तेल सोडावें. भोंकें शोभेसाठीं नसतात. जाड थालीपीठ आंतून शिजावें व कडेबरोबर मध्यहि कुरकुरीत व्हावा म्हणून तीं असतात. हें सर्व विज्ञानाच्या तासाला सांगितलें तर मुलें जांभया देतील, तव्यासमोर सांगितलें तर देणार नाहींत.

आदल्या दिवशींची उरलेली पोळी वा भाकरी कुस्करून, मोहरी-हळद-कढीलिंबाच्या फोडणींत परतून जो पदार्थ होतो, त्याची गोडी ताज्या पक्वान्नाला नाहीं असें माझें प्रामाणिक मत आहे. तो कोणी पाहुण्यास वाढीत नाहीं. तो फक्त घरच्या माणसांचा.

गोड पदार्थांत माझें मन खरवसाकडे धांव घेतें. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतरचें पहिल्या दिवसांचें दूध, म्हणजे चीक, त्यांत गूळ व वेलदोडा घालून वाफवला कीं, विरजण किंवा अंडें न घालतां आपोआप घट्ट होतो. कारण त्यांत नेहमीच्या दुधाच्या मानानें प्रथिनें पुष्कळ अधिक असतात व तीं उष्णतेनें गोठतात. त्याच प्रथिनांत वासराला रोगांपासून वांचविणारे घटक असतात. वासराला ते आईच्या पोटांत मिळत नाहींत, जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांत चिकांतूनच मिळावे लागतात. म्हणून शहाणा गवळी वासराचें पोट आधीं भरवितो व उरलेला चीक शेजारींपाजारीं पाठवितो. लहानपणीं चिकाचा तांब्या घरीं आला कीं, आई प्रथम विचारी, "वासरूं प्यालें ना?" आम्हां मुलांना तो प्रश्न निरर्थक वाटे.

गोव्यांतील बेबिंका ज्यांनीं खाल्ली असेल, त्यांना तिचे थर आठवत असतील. नारळाचें दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा व तूप ह्यांचें पातळ मिश्रण. त्याचा एक थर ओतावयाचा, वरून आंच देऊन तो तांबूस होईपर्यंत भाजावयाचा, मग तूप घालून दुसरा, मग तिसरा, असे सात किंवा त्याहूनहि अधिक. घाई केली तर थर मिसळतात व सगळें फुकट. २०२३ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. ही मिठाई करावयास अर्धा दिवस सहज जातो, आणि खावयास पांच मिनिटें पुरतात. तो अर्धा दिवस कोणाचा, हा माझा प्रश्न.

तत्पूर्वीं साखरेविषयीं दोन शब्द बोललें पाहिजे, नाहीं तर पालक मला क्षमा करणार नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं अशी शिफारस केली कीं, पदार्थांत वरून घातलेल्या साखरेचें प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आंत असावें, आणि पांच टक्क्यांच्या आंत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, राहिल्यास अधिकच उत्तम. ३०० मिलिलिटरच्या एका गोड पेयाच्या बाटलींत बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. येथें "पण घरचा शिरा मात्र पौष्टिक" असें म्हणण्याचा मोह होतो. तो खरा नव्हे. एक वाटी रव्यास पाऊण वाटी साखर घातली, तर चौघांपैकीं प्रत्येकाच्या वाट्यास २० ते ३० ग्रॅम साखर येतेच. पोटाला घरची साखर व दारची साखर हा भेद कळत नाहीं. फरक इतकाच कीं, घरीं ती वाटीनें मोजतांना डोळ्यांस दिसते, हात थोडा आंखडतां येतो, आणि शिरा करण्याची खटपट असल्यामुळें तो रोज होत नाहीं. बाटली रोज येऊं शकते. हल्लीं तर शिराहि दाराशीं येतो. मोबाइलवर बोट ठेवलें कीं, अर्ध्या तासांत कोणीतरी तरुण धापा टाकीत डबा घेऊन हजर. अडीअडचणीला ती सोय चांगली आहे, मी तिची निंदा करीत नाहीं. पण अशा सकाळीं घरांत वास सुटत नाहीं, आणि वासाशिवाय रविवार कसला!

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं देशांतील लोक आपला वेळ कसा घालवितात ह्याची पाहणी केली. सहा वर्षांवरील सर्वजण त्यांत आले, म्हणजे आमचे विद्यार्थीहि आले. घरच्या माणसांसाठीं विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात व हें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें, असें आढळलें. शिवाय स्त्रियांपैकीं शंभरांत ८१ जणी हें काम करीत होत्या, तर पुरुषांपैकीं फक्त २६. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे थोडेसे हलले आहेत, पण चित्र तेंच आहे. ह्यांत रविवारची सुट्टी कोठें आहे? घरांतील सर्वांच्या सुट्टीचा दिवस हा घरांतील एकीच्या अधिक कामाचा दिवस असतो.

हें मी दुसऱ्यांस सांगत आहें, पण मला स्वतःला तें उशिरां कळलें. लग्नाला सतरा वर्षें झालीं होतीं. एका रविवारीं माझी पत्नी तापानें पडली, आणि "आज शिरा मी करतों" असें मीं मोठ्या ऐटींत जाहीर केलें. पदवीधर माणसाला रवा भाजणें काय कठीण! रवा अर्धवट भाजला, पाणी कोमट घातलें, आणि रवा फुलण्यापूर्वींच साखर टाकली. साखरेनें पाणी आपल्याकडे ओढलें, रव्याला तें पुरलें नाहीं; गांठी झाल्या व कण दांतांखालीं कचकचूं लागले. दहा वर्षांची मुलगी शेजारीं उभी राहून म्हणाली, "बाबा, साखर शेवटीं घालायची असते." तिला माहीत होतें, मला नव्हतें. तो शिरा बशींत घालून मी पत्नीच्या खाटेपाशीं नेला. ती उठून बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "गरम आहे." बाकी ती कांहीं बोलली नाहीं. मी गांठींविषयीं माफी मागण्याच्या तयारींत होतों. परंतु त्या दोन शब्दांनीं मला माझीं सतरा वर्षें दिसलीं. आमच्या घरीं तिनें केलेला शिरा तिच्या ताटांत पोंचेपर्यंत नेहमीं थंड झालेला असे, आणि हें माझ्या कधीं लक्षांतहि आलें नव्हतें.

मुलांनीं स्वयंपाक करावा असें म्हटलें कीं, "तें पुरुषाला शोभत नाहीं" असें उत्तर अजून ऐकूं येतें. लग्नाच्या पंक्तीचा आचारी बहुधा पुरुष असतो, डोशाच्या तव्यामागेंहि पुरुषच, मिठाईच्या दुकानांतील भट्टीवरहि तोच. तेथें कोणाला लाज वाटत नाहीं. पैसे मिळतात तेथें कढई पुरुषाची, मिळत नाहींत तेथें बाईची, हा कोठला न्याय? आमच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांनींहि तोच समज धरलेला दिसतो. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांच्या १९१० च्या हजार पाकक्रियांच्या ग्रंथाचें नांवच 'गृहिणी-मित्र'. कमलाबाई ओगले ह्यांच्या १९७० च्या 'रुचिरे'नें वाटी-चमच्याचीं नेमकीं मापें देऊन नवख्यांवर मोठा उपकार केला. ज्याला वाटी व चमचा ओळखतां येतो, त्याला आतां सबब उरली नाहीं. दहावीची परीक्षा ही सबबहि मला मान्य नाहीं. अर्ध्या तासांत कांदा चिरून होतो व पीठ भिजवून होतें. तेवढा वेळ मुलें दुसऱ्या कशांत दवडतात, तें पालक जाणतात.

कांहीं मातांनींच मला सांगितलें आहे कीं, मुलगा स्वयंपाकघरांत आला कीं पसारा वाढतो, त्यापेक्षां एकटीनें केलेलें बरें. हें खरें आहे. पहिले चार रविवार पसारा होईल, तेल सांडेल, थालीपीठ तव्याला चिकटेल. त्या वेळीं त्याला बाहेर घालवूं नये, इतकीच त्यांना विनंति आहे.

त्या नववीच्या वह्यांत एक वही निराळी होती. त्या मुलीचे वडील एस. टी. च्या गाडीवर चालक आहेत. रविवारीं त्यांना रजा मिळाली कीं ते अंड्याची बुर्जी करतात, मुलगी पाव भाजते, धाकटा भाऊ ताटें मांडतो, आणि आई ओट्याजवळ खुर्ची टाकून बसते व सर्वांच्या चुका काढते. "बाबा मीठ नेहमीं जास्त घालतात," असें तिनें लिहिलें होतें, "पण आई तरी दोनदां घेते." त्या निबंधांत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मीं त्याला वर्गांत सर्वांत अधिक गुण दिले, आणि तो सर्वांना वाचून दाखविला.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत खाद्यपदार्थांचें एक टेबल केवळ मुलग्यांकडे द्यावें असें मीं सुचविलें होतें, व मुख्याध्यापकांनीं थोडें हसून परवानगी दिली आहे. शिरा, थालीपीठ व फोडणीची पोळी हे तीन पदार्थ ठरले आहेत. ज्यांना भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं नांवें माझ्याकडे द्यावींत. रवा, पीठ व तेल शाळा देईल, पोळ्या मात्र आदल्या दिवशींच्या घरून आणाव्यात. खुर्च्या टेबलाच्या पुढच्या बाजूस मांडल्या जातील, आणि पहिल्या रांगेंतील खुर्च्या मातांसाठीं राखून ठेवल्या आहेत.