सिमला ऑफिसपासून मोडनिंबपर्यंत

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. सोलापूरकडून जाणाऱ्या कितीतरी लोकांनी तिथे रिक्षा थांबवली असेल, रस्ता ओलांडला असेल. पण पुण्यातल्या इमारतीला बर्फाच्या गावाचं नाव का, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि येताना गावाचं नाव सोबत घेऊन आलं. पुढे 1944 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. या नावामागे जो इतिहास आहे, तो मोडनिंबच्या शेतकऱ्याचाही आहे. बर्फ पाहायला माढा तालुक्यातला माणूस कधी गेला नसेल. बर्फाने मात्र त्याच्या रानाचा हिशेब गेली दीडशे वर्षं सोडलेला नाही.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. हवामान खातं स्थापन झालं 1875 साली. पुढच्याच वर्षी दख्खनचा पाऊस गेला आणि 1876 ते 1878 हा भीषण काळ आला. सोलापूर जिल्हा या दुष्काळाच्या ऐन तडाख्यात होता. 1872 आणि 1881 या दोन शिरगणत्यांच्या मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास एक पंचमांशाने घटली. कुणी उपासमारीने गेलं, कुणी पटकीने, कुणी घरदार सोडून परागंदा झालं. मोडनिंबजवळचा आष्टीचा तलाव हे त्याच काळातलं दुष्काळी काम. आजही त्याचं पाणी पाहताना लक्षात ठेवावं, की त्या बांधावरची माती उपाशी माणसांनी वाहिलेली आहे.

पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न सरकारने त्या दुष्काळानंतर खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारला. ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधलं ते हिमालयात. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त साचला, उशिरापर्यंत टिकला, तर त्या वर्षी देशावर कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ देतो, असं त्यांनी 1884 मध्ये मांडलं. कारणही समजण्यासारखं होतं. बर्फ ऊन परतवतो. उरलेलं ऊन तो वितळवण्यात आणि ओली जमीन वाळवण्यात खर्च होतं. जमीन तापली नाही की समुद्रावरचे वारे खेचले जात नाहीत. या बर्फाच्या भरवशावर 4 जून 1886 रोजी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला. म्हणजे आपल्या देशातला पावसाचा पहिला सरकारी अंदाज हा मुळात बर्फाचा अंदाज होता.

पुढची वाट सरळ नव्हती. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांचा 1899चा अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात देशभर दुष्काळ पडला. टीका इतकी झाली, की त्यानंतर काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवला गेला. ज्याच्यासाठी अंदाज काढायचा, त्यालाच तो सांगायचा नाही! मग गिल्बर्ट वॉकर हे गणिती आले. त्यांनी हिमालयाच्या बर्फाला दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशसचा दाब आणि झांझिबारचा पाऊस यांची जोड दिली. प्रशांत महासागरातल्या ज्या चढउताराला आज आपण एल निनो-ला निनाच्या संदर्भात रोज वाचतो, त्याचा धागा वॉकर यांनाच याच शोधात सापडला. उपग्रह आल्यावर 1976 मध्ये हान आणि जगदीश शुक्ल यांनी संपूर्ण युरेशियातल्या बर्फाचा आपल्या पावसाशी संबंध पुन्हा तपासला. 1988 मध्ये वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचं प्रारूप आलं. त्यातही बर्फ होता, हिमालयाचाही आणि युरेशियाचाही. त्या प्रारूपाने काही वर्षं चांगली साथ दिली. 2002 मध्ये ते चुकलं. सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. जुलैमध्ये निम्मा पाऊस पडला आणि हंगाम सरासरीच्या एकोणीस टक्के खाली राहिला. सोलापूर जिल्ह्यातल्या जनावरांनी त्यानंतरचा उन्हाळा कसा काढला, ते ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत.

बर्फाचा हा संबंध अटळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. कधी समुद्राचा जोर बर्फावर मात करतो, आणि अलीकडच्या दशकांत हे नातं पूर्वीइतकं घट्ट दिसत नाही. तरी खात्याने ते टाकलेलं नाही. एप्रिल 2024 मध्ये 106 टक्के पावसाचा अंदाज देताना, उत्तर गोलार्धात आणि युरेशियात बर्फ कमी असल्याचं कारण स्पष्टपणे नोंदवलं होतं. त्या वर्षी पाऊस 108 टक्के झाला.

हे झालं पुढच्या पावसाळ्याचं. पण सोलापूर हा रब्बीचा जिल्हा आहे आणि आमचा आग्रहाचा मुद्दा इथून सुरू होतो. इथे हस्ताचा पाऊस पाहून, वाफसा धरून ज्वारी पेरतात. त्यानंतर पीक वाढतं ते काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून 1930च्या दशकात निवडलेली मालदांडी 35-1 अजूनही भाकरीच्या चवीला आणि कडब्याला मापदंड मानली जाते. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. अशा जिल्ह्याला पावसाळ्याच्या अंदाजाइतकाच हिवाळ्याचा अंदाज जीवनावश्यक आहे. थंडी नीट पडली तर ज्वारीचा दाणा भरतो, हरभरा घाट्यांनी लगडतो. आभाळ आलं की ज्वारीवर मावा येतो, पानांवर चिकटा पडतो, कडबा काळा होतो; हरभऱ्यात घाटेअळी शिरते. द्राक्षाच्या बागेत ढगाळ दिवस म्हणजे डावणी आणि भुरी, फवारणीवर फवारणी. आणि तीच थंडी फार वाढली तर द्राक्षाचा मणी फुगायचा थांबतो, करमाळा-टेंभुर्णीकडच्या केळीला चरका बसतो. एकाच शिवारात एकाला थंडी हवी असते, तर बांधापलीकडच्याला ती नको असते.

या थंडीची किल्लीही बर्फाच्या मुलखातच आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडावर बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे मोकळे सुटतात. ते राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात उतरतात, निफाडचा पारा खाली आणतात आणि मग आपल्याकडे पोचतात. काश्मिरात बर्फवृष्टी झाल्याची बातमी मोडनिंबच्या चहाच्या हॉटेलात कुणी मोठ्याने वाचली, तर ती लांबच्या मुलखाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. आभाळ निरभ्र राहिलं आणि बंगालच्या उपसागरावरून ओले वारे आले नाहीत, तर काही दिवसांत पहाटे शेकोटी पेटवायची वेळ येते. हेच ओले वारे उत्तरेच्या गार हवेला फेब्रुवारी-मार्चमध्ये भिडले की गारपीट होते. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने ती सलग दोन-तीन आठवडे सोसली. रानं पांढरी झाली. आपल्याकडे बर्फ पडतो तो असा, काढणीला आलेल्या पिकावर आणि उघड्यावर बांधलेल्या जनावरांवर.

हिवाळ्याच्या अंदाजाचं महत्त्व खात्याला कळलेलं नाही असं मुळीच नाही. 2016 पासून डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज दिला जातो. थंडीच्या लाटेचे निकष ठरलेले आहेत: मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली, आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाने 2017 पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. पुण्यातल्या संस्थांची गणितं आज जगाच्या तोडीची आहेत आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. ‘मध्य महाराष्ट्रात किमान तापमानात दोन ते तीन अंशांची घट’ हे वाक्य खरं असतं, पण त्याने बागेला आज रात्री पाणी द्यायचं की नाही हे ठरत नाही. मध्य महाराष्ट्र या एका नावाखाली महाबळेश्वरही येतं आणि माढाही येतं. अंदाज पिकाच्या भाषेत आणणारा माणूस मध्ये लागतो. देशभर कृषी विज्ञान केंद्रांमधून उभी राहिलेली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं नेमकं तेच काम करत होती: आठवड्यातून दोनदा, तालुक्याच्या हवामानावर, तिथल्या पिकांसाठी सल्ला. 2024च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. ज्या दुव्याची दीडशे वर्षं उणीव होती, तो जोडला जात असतानाच तोडला गेला. आमच्या मते हा निर्णय चुकीचा होता. त्यात वाचलेला पैसा एका चुकलेल्या फवारणी हंगामाच्या खर्चापुढे काहीच नाही.

जुन्या लोकांकडे सहदेव-भाडळीचे आडाखे होते, पंचांगातली पर्जन्य नक्षत्रं आणि त्यांची वाहनं होती. ते किती खरे ठरत हा प्रश्न वेगळा. पण ते सल्ला देत होते शेतकऱ्याच्या बोलीत, त्याच्या पेरणी-काढणीच्या वेळापत्रकात. विज्ञानाने त्यांची जागा घेतली असेल, तर ती जबाबदारीही घेतली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी मोडनिंबला बातमी यायची ती कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीबरोबर. ती गाडी 1906 साली या वाटेने धावू लागली. आज मोबाइलवर सगळं येतं, पण त्यात आपल्या मंडळाचं काय हे शोधत बसावं लागतं. खोटे, कुणाच्याही नावाने फिरवलेले अंदाजही त्याच मोबाइलवर येतात, आणि खरा अंदाज गावाच्या भाषेत पोचला नाही की जागा त्यांचीच होते.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या काठच्या गावांची पिकं आणि कितीतरी ठिकाणी मातीही खरवडून नेली. ज्यांचा खरीप असा वाहून गेला, त्यांच्या हातात रब्बी उरतो. अशा वेळी हिवाळ्याचा अंदाज हीच त्यांची मोठी मदत असते, आणि तिला पंचनामा लागत नाही.

केंद्र सरकारने जिल्हा कृषी हवामान केंद्रं पुन्हा सुरू करावीत आणि सुरुवात सोलापूरसारख्या रब्बीच्या जिल्ह्यांपासून करावी. राज्य सरकारने प्रत्येक मंडळाच्या केंद्राची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मोडनिंबचं तापमान मोडनिंबला सहज वाचता आलं पाहिजे. आणि शेतकऱ्यांनी आपल्या घरी एक वही ठेवावी: पहाटेचा पारा, दव, आभाळ, चिकटा कोणत्या तारखेला दिसला. ब्लॅनफर्ड यांच्याकडेही सुरुवातीला अशा नोंदींखेरीज दुसरं काही नव्हतं.

यंदाच्या ज्वारीला हुरडा येण्याआधी ही वही सुरू करा.