गिऱ्हाईक सेंद्रिय का घेतं?



सेंद्रिय माल महाग असूनही लोक का घेतात, यावर आपल्यात दोन मतं ऐकायला मिळतात. एक, शहरातल्या लोकांकडं पैसा जास्त झालाय. दुसरं, त्यात जीवनसत्त्वं जास्त असतात. मला दोन्ही पटत नाहीत.

मी भाजी थेट विकतो. घेणाऱ्यांत नोकरदार आहेत, पेन्शनवाले आहेत, घरकाम करणाऱ्या एक मावशीही आहेत. त्या स्वतःसाठी साधी भाजी घेतात आणि नातवापुरती पालकाची एक जुडी आमच्याकडून नेतात. जीवनसत्त्वं किती, असं आजवर कुणी विचारलं नाही. प्रश्न एकच असतो, "दादा, यावर काय मारलंय?"

पोषणाचा वाद अजून मिटलेला नाही. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, त्यांना पोषणात फारसा फरक दिसला नाही. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाला सेंद्रिय मालात अँटिऑक्सिडंट जास्त दिसले. पण कीटकनाशकाचे अंश सेंद्रिय मालात कमी सापडतात, यावर दोघांचं एकमत. साध्या मालातले अंशही बहुतेक वेळा मर्यादेत असतात, हेही खरं. म्हणून "आमची भाजी खा, कॅन्सर जाईल" असल्या जाहिराती बंद करा. त्या आपल्यालाच बुडवतील.

गिऱ्हाइकाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. भेंडीचंच घ्या. तोडा दिवसाआड. औषधाच्या लेबलवर पीएचआय, म्हणजे फवारणी ते काढणीतलं अंतर, पाच-सात दिवसांचं असेल तर मधले तोडे फेकायचे कुणी? भाव चांगला असला की कुणीच फेकत नाही. मिरची-वांग्याचीही तीच गत.

द्राक्षवाल्यांनी याचा चटका सोसलाय. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बागायतदार किती पोळले हे नाशिक-सांगलीकडं सांगायला नको. निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना बागेतून प्रयोगशाळेत जातो. आपल्या बाजारातल्या भेंडीची पाटी कोण तपासतं? तिकडच्या गिऱ्हाइकाला अहवाल मिळतो, इथल्याला फक्त आपला शब्द.

आणि अंश डोळ्याला दिसत नाही. लोक किडकं वांगं बघून "हे सेंद्रिय" म्हणतात. अहो, फवारणी चुकली तरी वांगं किडतंच की! म्हणजे गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं ते विश्वासाचे. तो विश्वास एका खोट्या पाटीनं मोडतो, आणि नुकसान खऱ्या माणसाचंही होतं.

म्हणून शब्द नीट वापरा. शेणखत, जीवामृत घातलं आणि मध्येच एक रासायनिक फवारा मारला, तर तो माल सेंद्रिय नाही. औषध वापरून काढणीला अंश मर्यादेखाली ठेवला, तर तो "रेसिड्यू फ्री". दोन्ही विकायला लाज नाही, पण नाव वेगळं. एनपीओपीच्या नियमात रूपांतरणाचा काळ हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं धरतात. गेल्या वर्षी सुरुवात केली असेल तर तसं सांगा. प्रमाणपत्राचा खर्च झेपत नसेल तर पीजीएस आहे, किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची शेतं तपासायची.

तेही जमत नसेल तर फवारणीची वही ठेवा: तारीख, औषध, तोडा. मागितली की गिऱ्हाइकापुढं उघडा. कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींनाही विनंती, भाजीपाल्याला औषध लिहून देताना डोसच्या आधी पीएचआय लिहा.

तुमच्याकडं भेंडी-मिरचीचा पीएचआय कसा सांभाळता? जमतं का खरंच? मोकळेपणानं लिहा.